अध्यापन-कार्यशाळा आणि तिची परिभाषा : एक चिकित्सा

‘कार्यशाळा’ हा शब्द बारामती-इंदापूरच्या परिसरात दोन निरनिराळ्या ठिकाणी ऐकू येतो. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे, साखर कारखान्याभोवती वसलेल्या आणि पुढे अवजड यंत्रांच्या निर्मितीसाठी ख्यात झालेल्या त्या वसाहतीत, ‘वर्कशॉप’ म्हणजे जेथे लेथ फिरतो ती जागा. तेथील कामगार यंत्रावर धातूची जी वस्तू चढवितो तिला तो ‘जॉब’ म्हणतो. जॉब चढविल्यावाचून लेथ फिरविण्यात कोणास स्वारस्य नसते. आणि जॉब उतरविल्यावर तो मापाला बरोबर आहे की नाही, हे पाहिल्याखेरीज काम पुरे झाले असेही कोणी म्हणत नाही. दुसरी कार्यशाळा भरते ती महाविद्यालयांच्या सभागृहांत. तिला साधनव्यक्ती असतात, सहभागी असतात, सत्रे असतात, अल्पोपाहार असतो आणि शेवटी प्रमाणपत्र असते. येथला जॉब कोणता, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. तो येथे विचारावयाचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी या कार्यशाळांच्या भाषेकडे पाहावयाचे आहे. व्यवहाराचा हेतू कागदावर काहीही लिहिलेला असो, त्याचे खरे स्वरूप त्याच्या शब्दयोजनेत आणि वाक्यरचनेत उमटत असते.

विवेचनासाठी काटेवाडीचा परिसर निवडण्यास कारण आहे. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, इंदापूर तालुक्याच्या सीमेलगतचे हे गाव. अवर्षणाच्या या पट्ट्यात १८८५ साली नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, पाण्यामागून ऊस आला, आणि उसामागून सहकारी कारखाने. भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना येथून हाकेच्या अंतरावर आहे. शिक्षण त्या मानाने उशिरा आले. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले आणि विद्या प्रतिष्ठानची स्थापना १९७२ साली झाली. त्यापूर्वी येथल्या मुलास पदवीसाठी पुणे गाठावे लागे. आज काटेवाडीचा विद्यार्थी सकाळी एस. टी. ने किंवा दुचाकीने बारामतीस येतो, दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला असतो आणि विज्ञान शाखेत आला की पहिल्याच आठवड्यात इंग्रजी पाठ्यपुस्तकाशी त्याची गाठ पडते. त्याला शिकविणारा प्राध्यापकही आज बहुधा अशाच घरातून आलेला असतो, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये. म्हणजे वर्गात दोन्ही बाजूंना एक भाषा घरची आहे आणि एक पुस्तकाची आहे. अध्यापन-कार्यशाळा या प्राध्यापकास जे काही देते ती या दोहोंहून वेगळी अशी तिसरीच भाषा होय. ही तिसरी भाषा कोठून आली आणि ती काय करू शकते, हा प्रस्तुत चिकित्सेचा विषय आहे.

महाविद्यालयीन शिक्षकालाही शिकण्याची गरज असते, हा विचार आपल्याकडे स्वातंत्र्याबरोबरच आला. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने नव्या अध्यापकांसाठी नियमित उद्बोधन वर्ग असावेत आणि मोठ्या विद्यापीठांतून ते कायम स्वरूपात चालविणारी केंद्रे असावीत, असे सुचविले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजे’ काढली. पुढे त्यांची ‘मानव संसाधन विकास केंद्रे’ झाली आणि २०२३ साली ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे’. मध्यंतरी २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीची सांगड गुणांकाशी घातली आणि २०१८ च्या नियमावलीने पहिल्या पायरीसाठी एकवीस दिवसांचा उद्बोधन वर्ग आवश्यक ठरविला. या सर्व इतिहासात एक भाषिक तपशील लक्षणीय आहे. परिपत्रकात ‘उद्बोधन वर्ग’ आणि ‘उजळणी वर्ग’ असे शब्द आहेत. (त्यांपैकी ‘उजळणी’ हा खरोखर चांगला शब्द, पाढ्यांच्या पुस्तकाची आठवण त्याला चिकटलेली आहे आणि ‘उजळणे’ हे जिवंत क्रियापद त्याच्या पोटात आहे.) प्राध्यापकांच्या खोलीत मात्र हे शब्द कोणी उच्चारीत नाही. तेथे ‘ओरिएंटेशन झालं’, ‘एक रिफ्रेशर राहिलाय’, ‘दिवाळीच्या सुटीत उरकून टाकतो’ असे ऐकू येते. या नामांबरोबर येणारी क्रियापदे पाहावीत : होणे, राहणे, करणे, उरकणे. ‘शिकणे’ हे क्रियापद त्यांच्या शेजारी येत नाही. ‘उरकणे’ हे मराठीत ज्या कामाचा शेवट हाच त्याचा हेतू असतो अशा कामासाठी वापरतात. भांडी उरकतात, लग्न उरकतात. बोलीने येथे जो निकाल दिला आहे तो कोणत्याही अभिप्राय-पत्रिकेपेक्षा स्पष्ट आहे.

हे असेच असावयास पाहिजे असे नाही, याचा पुरावा पुण्यातच आहे. डेक्कन कॉलेजमध्ये १९५४ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने आणि डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली भाषाविज्ञानाचे जे उन्हाळी व शरद्कालीन वर्ग भरले, ते वस्तुतः महाविद्यालयीन अध्यापकांचे प्रशिक्षणवर्गच होते. भारतातील निरनिराळ्या विद्यापीठांतून भाषांचे अध्यापक तेथे येत. त्यांपैकी पुष्कळांचे शिक्षण व्याकरण आणि तौलनिक भाषाशास्त्र यांच्या जुन्या परंपरेत झालेले होते. तेथे त्यांना ध्वनिलेखन शिकविले गेले, वर्णव्यवस्था आणि पदरचना कशी उकलावी हे शिकविले गेले. आणि या शिक्षणाच्या केंद्रस्थानी एक सामग्री होती, ती म्हणजे बोलणारा माणूस. समोर बसलेल्या भाषकाचे उच्चार कानाने टिपावयाचे, कागदावर उतरवावयाचे, त्यांवरून अनुमान काढावयाचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच भाषकाला विचारून ते अनुमान खोटे ठरू द्यावयाचे, ही क्षेत्रकार्याची रीत. आयुष्यभर व्याकरण शिकविलेल्या अध्यापकाला येथे आपल्या कानावर विश्वास ठेवावा लागे, आणि कान चुकला तर ते सर्वांसमोर उघड होई. या वर्गांनी भारतात आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घातला. त्यांतून गेलेल्या अध्यापकांनी पुढे ठिकठिकाणी हा विषय रुजविला. प्रतिष्ठानचा पैसा आणि परदेशी विद्वानांची उपस्थिती यांचा त्यात वाटा होताच. परंतु मुख्य गोष्ट ही की, तेथे यंत्रावर जॉब चढविलेला होता.

आता आजच्या अध्यापन-कार्यशाळेचा एक नेहमीचा दिवस पाहावा. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, बीजभाषण, अध्यक्षीय मनोगत आणि आभार यांत पूर्वाह्न जातो. यावर टीका करण्याचा प्रघात आहे, पण ती थोडी अन्यायाची वाटते. विधीला विधी म्हणून मोल असते. आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीस येते तेव्हा परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. त्या रिंगणाने गावाचे वर्ष बांधले जाते. मात्र मेंढ्या रिंगणात धावल्या म्हणून त्यांचे चरणे झाले, असे तेथील एकही धनगर मानणार नाही. कार्यशाळेत घोटाळा होतो तो येथे : उद्घाटनाची भाषा उद्घाटनाबरोबर संपत नाही, ती पुढील सर्व सत्रांत पसरते.

या भाषेचे पहिले लक्षण म्हणजे ‘-ण्यात येणे’ ही रचना. ‘अध्यापन पद्धतींवर मार्गदर्शन करण्यात आले’, ‘नवोपक्रम राबविण्यात येतील’, ‘विद्यार्थिकेंद्रित दृष्टिकोन अवलंबिण्यात यावा’. मराठीत ही रचना राज्यकारभारातून आली आणि तेथे तिचे काम आहे. हुकुमात कर्ता पदाने ओळखला जातो, व्यक्तीने नव्हे, म्हणून त्याला वाक्यातून वगळता येते. अध्यापनाच्या चर्चेत मात्र कर्ता हाच तर विषय आहे. कोणी, कोणाला, काय सांगितले, तो काय समजला, हे चार प्रश्न ज्या वाक्यरचनेत विचारताच येत नाहीत, त्या रचनेत अध्यापनासंबंधी बोलणे म्हणजे नाडी न पाहता प्रकृतीची चौकशी करणे होय.

दुसरे लक्षण अधिक सूक्ष्म आहे आणि त्याचा विचार थोडा सावकाश केला पाहिजे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी १९५६ साली शैक्षणिक उद्दिष्टांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, ते आज आपल्या अभ्यासक्रमांचा कणाच होऊन बसले आहे. मूळ वर्गीकरणातील कोटींची नावे नामे होती : ज्ञान, आकलन, उपयोजन इत्यादी. २००१ साली अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी त्याची सुधारून मांडणी केली. तीत वरच्या दोन कोटींचा क्रम बदलला आणि, भाषाभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे, नामांच्या जागी क्रियापदे आली. शिक्षण म्हणजे विद्यार्थ्याजवळ साठलेली वस्तू नव्हे, त्याने केलेली क्रिया होय, हा विचार त्या व्याकरणिक बदलामागे होता. आपल्याकडे ही सुधारित मांडणी मराठीत उतरली ती कशी? ‘स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती.’ म्हणजे ज्या सुधारणेचा सारा अर्थ नामाचे क्रियापद होण्यात होता, तिचे भाषांतर करताना क्रियापदांची पुन्हा नामे झाली! पुढे त्यांना ‘करणे’ जोडून काम भागविले जाते : विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे, उपयोजन करणे. ‘करणे’ हे क्रियापद येथे केवळ टेकू आहे. त्यातून कोणत्या हालचालीचे चित्र उभे राहत नाही.

मराठीत क्रियापदांची वाण आहे म्हणून असे झाले, असेही नाही. आठवणे, समजणे, वापरणे, उकलणे, पारखणे, रचणे : सहा कोटींना सहा साधी क्रियापदे मिळतात, आणि त्यांच्या आजूबाजूस उमजणे, ताडणे, पडताळणे, जोखणे, निवडणे, बेतणे असा केवढा तरी गोतावळा उभा आहे. ‘पारखणे’ आणि ‘जोखणे’ यांतला भेद मराठी माणसास शिकवावा लागत नाही. बैल पारखतात, माल जोखतात. एकात अनुभवी नजर आहे, दुसऱ्यात माप आहे. ‘मूल्यमापन’ या एका शब्दाने हा भेद पुसून टाकला. एखाद्या प्राध्यापकाने आपल्या पाठाचे उद्दिष्ट ‘विद्यार्थी दोन युक्तिवादांतील कच्चा दुवा हेरू शकेल’ असे लिहिले, तर तो वर्गात काय करणार आहे हे त्या वाक्यातच दिसते. त्याऐवजी ‘चिकित्सक विचारक्षमतेचा विकास होईल’ असे लिहिले, तर दिसत नाही. आणि तपासणाराही ते वाचून समाधान पावतो. ‘अध्ययन निष्पत्ती’ हा रकाना आज प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. विद्यार्थ्याच्या पदरात काय पडले, एवढाच त्याचा अर्थ. परंतु ‘पदरात पडणे’ म्हणताच कोणाच्या पदरात आणि किती, हे सांगण्याची जबाबदारी येते, आणि ‘निष्पत्ती’ ती जबाबदारी अंगाला लावून घेत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, परिभाषा नेहमीच प्रथम कृत्रिम वाटते आणि वापराने रुळते. आक्षेपात तथ्य आहे. ज्या वर्षी बारामतीत महाविद्यालय आले त्याच वर्षी, १९६२ साली, महाराष्ट्र शासनाचा ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला आणि ‘बदनाम कोश’ अशी त्याची थट्टा झाली. तरीही शासनव्यवहारातील कितीतरी घडविलेले शब्द पुढे मराठीच्या अंगवळणी पडले. ‘अभियंता’ हा शब्द आज कोणाच्या कानाला खटकत नाही. तेव्हा ‘निष्पत्ती’ हा शब्द संस्कृत आहे किंवा अनुवादित आहे, एवढ्यावरून त्याच्याविरुद्ध तक्रार करणे उथळपणाचे होईल. शब्द रुळतो तो एका अटीवर : ज्या वस्तूचे ते नाव आहे ती वस्तू लोकांसमोर यावी लागते. अभियंता गावात आला, त्याने कालव्याची पातळी घेतली, म्हणून ‘अभियंता’ रुळला. अध्यापनाची परिभाषा ज्या वस्तूंना नावे देते त्या वस्तू, म्हणजे प्रत्यक्ष पाठ, प्रत्यक्ष प्रश्न, विद्यार्थ्याची प्रत्यक्ष चूक, या कार्यशाळेत आणल्याच जात नाहीत. म्हणून ही परिभाषा रुळत नाही. ती पाठ होते, आणि ‘पाठ होणे’ हा शब्दप्रयोग येथे त्याच्या सर्वांत वाईट अर्थाने घ्यावा लागतो.

वस्तू कोणती, हे पाहण्यासाठी सभागृहातून वर्गात गेले पाहिजे. प्रथम वर्षाच्या रसायनशास्त्राच्या वर्गात या परिसरात ज्या प्रकारचे वाक्य घडोघडी ऐकू येते त्याचा एक नमुना असा मांडता येईल : ‘सोल्यूशन सॅच्युरेट झालं, की एक्स्ट्रा सॉल्ट खाली सेटल होतं, म्हणजे ते डिझॉल्व्हच होत नाही.’ शुद्धतेच्या अभिमान्यास यात मराठीचा ऱ्हास दिसेल आणि इंग्रजीच्या अभिमान्यास इंग्रजीचा. भाषाशास्त्रीय दृष्टीने पाहिले तर वाक्य पूर्णतः व्यवस्थित आहे. चौकट मराठीची आहे : पदक्रम, काळ, लिंगवचन, ‘की’ आणि ‘म्हणजे’ ही जोडणारी अव्यये, नकार आणि ‘च’ हे निश्चयदर्शक अव्यय. चौकटीत बसविलेली पदे इंग्रजीची आहेत, कारण परीक्षेत तीच लिहावयाची आहेत. विचाराचे सांधे मराठीत आहेत आणि विचारले जाणारे पदार्थ इंग्रजीत. ‘म्हणजे’ या एका शब्दाच्या आधारावर कितीतरी विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचतात. हे वाक्य बोलणारा प्राध्यापक दर मिनिटास निर्णय घेत असतो : कोणते पद इंग्रजीत ठेवावे, कोणते फोडून सांगावे, कोठे दृष्टान्त द्यावा, कोठे इंग्रजी वाक्य सबंध म्हणून दाखवावे. त्याच्या व्यवसायातले सर्वांत नाजूक कौशल्य ते हेच. असे असूनही एकवीस दिवसांच्या वर्गात या कौशल्याला एक सत्रही सहसा मिळत नाही; आणि मिश्र भाषेत शिकविणे हा काहीसा लपविण्याचा दोष आहे, अशी समजूत मूकपणे चालू राहते.

विद्यार्थी वर्गात रिकाम्या हाताने येत नाही, हे आणखी एक. ‘साखरणे’ हे क्रियापद घ्यावे. पाक साखरतो, मध साखरतो. पुस्तकात ‘स्फटिकीभवन’ असा शब्द आहे आणि तो आवश्यकही आहे, कारण मीठ साखरत नाही. परंतु द्रावणातून घन कण वेगळे होण्याची क्रिया ज्याने घरी पाहिली आहे आणि ज्याच्याजवळ तिच्यासाठी साधे क्रियापद आहे, त्याला ती संकल्पना नवी म्हणून शिकविणे हा वेळेचा अपव्यय होय. ‘वाफसा’ हा शब्द तर याहून मोलाचा आहे. रानाला पाणी दिल्यावर जास्तीचे पाणी निथळून जाते, जमिनीच्या मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते, लहान पोकळ्यांत ओल टिकते आणि माती पायाला चिकटत नाही. ती स्थिती म्हणजे वाफसा. मृदाशास्त्रात निथळल्यानंतर जमिनीत टिकून राहिलेल्या पाण्याच्या प्रमाणास ‘जलधारण क्षमता’ किंवा तत्सम संज्ञा देतात. दोन्ही संकल्पना शेजारच्या आहेत, पण एक नव्हेत : शास्त्राची संज्ञा पाण्याचे प्रमाण सांगते, शेतकऱ्याचा शब्द जमिनीची कामाजोगी अवस्था सांगतो. काटेवाडीच्या मुलाला दुसरी ठाऊक असते. तिच्यावरून पहिलीकडे नेणे हेच अध्यापन.

दृष्टान्त जवळचा असला म्हणजे तो निर्धोक असतो असे मात्र नाही, आणि स्थानिक शब्दांचा केवळ गौरव करणारे लोक येथे घसरतात. ‘उतारा’ या शब्दाने हे स्पष्ट होईल. ऊस पट्ट्यात ‘साखर उतारा’ हा शब्द लहान मुलासही ठाऊक असतो. उसाचा दर त्यावर ठरतो. शंभर टन उसातून अकरा टन साखर निघाली तर उतारा अकरा टक्के. रसायनशास्त्राचा प्राध्यापक अभिक्रियेचे ‘पर्सेंटेज यील्ड’ शिकवू लागला, की हा शब्द त्याच्या ओठावर येणे स्वाभाविक आहे. पण दोन्हींचे छेद निराळे आहेत. उताऱ्यात मिळालेली साखर उसाच्या एकूण वजनाशी ताडली जाते. रसायनशास्त्रात मिळालेले द्रव्य सिद्धान्ततः जास्तीत जास्त जेवढे मिळू शकले असते त्याच्याशी ताडले जाते. त्याच शंभर टन उसात मुळात तेरा टन साखर होती असे समजल्यास, रसायनशास्त्राच्या हिशेबाने उत्तर अकरा टक्के येत नाही, जवळजवळ पंचाऐंशी टक्के येते. जो प्राध्यापक ‘यील्ड म्हणजे आपला उतारा’ असे सांगून पुढे जाईल तो वर्गात हशा आणि मान्यता मिळवील, आणि विद्यार्थ्याचे गणित मात्र कायमचे चुकवील. जो ‘उतारा कशाच्या मानाने काढतात?’ असा प्रश्न विचारून छेदापाशी थांबेल, त्याच्या वर्गात संकल्पना उभी राहील. हा फरक ज्याच्या त्याच्या प्रतिभेवर सोडून देण्यासारखा नाही. चार सहव्यवसायी एकत्र बसून, दृष्टान्त उलटसुलट करून, तो कोठे तुटतो हे पाहू शकतात. कार्यशाळा या शब्दाला साजेसे काम हेच होय.

असे काम कोठेच होत नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. ते याच तालुक्यात होते, फक्त महाविद्यालयीन अध्यापकांसाठी होत नाही. १९७३ साली नेमलेल्या मोहनसिंह मेहता समितीने कृषी विज्ञान केंद्रांची कल्पना मांडली तेव्हा ‘करीत करीत शिकणे’ हेच तिचे सूत्र होते. १९७४ साली पाँडिचेरीस पहिले केंद्र निघाले. बारामतीजवळ शारदानगर येथे कृषी विकास प्रतिष्ठानचे केंद्र १९९२ पासून आहे. या केंद्रांचे विहित काम असे की, नवे वाण किंवा नवी पद्धत प्रत्यक्ष शेतकऱ्याच्या रानात तपासून पाहावयाची, तेथे तिचे प्रात्यक्षिक करावयाचे आणि मग शिकवावयाचे. सरकारी कागदात या प्रात्यक्षिकाला ‘आद्यरेषा प्रात्यक्षिक’ असे एक भयंकर नाव आहे. शेतकरी ‘प्लॉट बघायला गेलो होतो’ म्हणतो. दोन्ही शब्दांत तो प्लॉट समोर असतो, म्हणून नाव अवघड असले तरी काम अडत नाही. प्लॉटवर तज्ज्ञाचे म्हणणे शेतकरी मुकाट्याने ऐकून घेत नाही. खोडवा कितवा, पाण्याची पाळी किती दिवसांनी आली, हे विचारतो, आणि तज्ज्ञास उत्तर द्यावे लागते. आता हा योगायोग पाहावा : बाप ज्या रीतीने शिकतो ती रीत गेल्या अर्धशतकात बदलली, त्याच्या मुलाला शिकविणाऱ्या प्राध्यापकाला मात्र अजून सभागृहात, पडद्यावरील मुद्द्यांकडे पाहत, ‘कृतियुक्त अध्ययन’ या विषयावरील व्याख्यान ऐकावे लागते.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी येथे थोडक्यात सांगता येईल, कारण ते मुळातच थोडक्यात आटोपले जाते : संगणक, कार्यालयीन टिप्पणी, मानांकनासाठी कागदपत्रे कशी लावावीत. प्रयोगशाळा परिचर हा विद्यार्थ्याशी वस्तूंच्या नावांनी बोलणारा पहिला माणूस असतो. पाठ्यपुस्तक ‘चंचुपात्र’ म्हणते, परिचर ‘तो अडीचशेचा बीकर घे’ म्हणतो, आणि विद्यार्थी आकारमान शिकतो. अध्यापनाच्या कार्यशाळेला या माणसाला बोलवावे, असे फारसे कोणाला सुचत नाही.

साधनव्यक्तींची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. त्यांना एका सत्रात नव्वद मिनिटे मिळतात. समोर मराठीचे, भौतिकीचे, वाणिज्याचे आणि शारीरिक शिक्षणाचे अध्यापक एकत्र बसलेले असतात. अशा श्रोतृवृंदापुढे विशिष्ट पाठ घेता येत नाही, म्हणून सर्वांना लागू पडेल असे सामान्य विधान शोधावे लागते, आणि सर्वांना लागू पडणारे विधान कोणालाच लागत नाही. दोष व्यक्तींचा नाही, रचनेचा आहे. विषयवार उजळणी वर्ग या दृष्टीने बरे. परंतु तेथेही विषयातील नव्या संशोधनाचा परिचय होतो, तो विषय बारामतीच्या वर्गात कोणत्या वाक्यांनी सांगावयाचा हा प्रश्न तेथे गौणच राहतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने भारतीय भाषांतून उच्च शिक्षण देण्यावर भर दिल्यापासून हा प्रश्न गौण ठेवता येण्यासारखा उरलेला नाही. पाठ्यपुस्तकांचे अनुवाद होतील, संज्ञांचे कोश निघतील. पण पुस्तकातील मराठी आणि वर्गातील मराठी यांमध्ये जी जागा आहे ती प्राध्यापकाच्या तोंडच्या वाक्यानेच भरली जाते, आणि त्या वाक्याचा अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे.

तो कसा व्हावा याची दिशा डेक्कन कॉलेजच्या त्या वर्गांतच सापडते. तेथे भाषक समोर बसे; येथे प्राध्यापकाचा स्वतःचाच पाठ समोर ठेवता येईल. एका तासातील दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण, त्याचे शब्दशः लेखन, आणि त्या लेखनाभोवती एकाच विषयाचे आठदहा अध्यापक, एवढी सामग्री पुरे. त्यात अडचणी आहेत. पहिली संकोचाची : ज्याने वीस वर्षे शिकविले त्याला आपलेच वाक्य छापलेले पाहताना जो धक्का बसतो तो सौम्य नसतो, म्हणून सुरुवात ज्येष्ठांच्या पाठांपासून झाली पाहिजे, नवागतांच्या नव्हे, आणि या लेखनाचा पदोन्नतीच्या गुणांशी काडीचाही संबंध असता कामा नये. विद्यार्थ्यांची संमती घ्यावी लागेल. लेखन कोणी करावयाचे, याचे उत्तर पदव्युत्तर भाषाविभागांजवळ आहे. प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना यापेक्षा चांगली सामग्री मिळणे कठीण. परंतु लेखनपद्धतीचे काही प्रश्न आधी सोडवावे लागतील. इंग्रजी पदे उच्चारानुसार लिहावयाची की रूढ लेखनानुसार. बोलीतील ‘झालं’, ‘व्हतं’ जसेच्या तसे ठेवावयाचे की नाही (ठेवलेच पाहिजे). आणि दर दोनतीन मिनिटांनी येणाऱ्या ‘कळलं का?’ या प्रश्नानंतर वर्गातून जो एकसुरी ‘हो सर’ येतो, त्याची नोंद कशी करावयाची. पुष्कळदा तो ‘हो’ येतच नाही. प्राध्यापक क्षणभर थांबतो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो. त्या थांबण्याला लेखनात चिन्ह लागेल, आणि ते किती सेकंदांपासून वापरावयाचे हेही ठरवावे लागेल.